घुंगरातला कापूस

“डॉक्टरीणबाई, बह्याडपण खरजेसारखं एकापासून दुसऱ्याले लागते काय?”

रुपी राठोडनं वेडाबद्दल हे असं विचारलं मात्र, नववीच्या पोरींच्या मागच्या ओळीतून हसू फुटलं ते थेट दारापर्यंत गेलं. पैज वर्गातल्या कोकिळेनं लावली होती. “तू लय शूर ना व? मग इचार डॉक्टरणीले. इचारलं तं माही लाल रिबीन तुई.” आणि रुपी काही मागं सरणारी पोर नव्हती. दारव्ह्याहून दोन कोसांवरच्या बंजारा तांड्यातून रोज पायी येऊन नववीपर्यंत पोचलेली ती पहिलीच पोर. सहामाहीला इंग्रजीत ती वर्गात दुसरी आली होती, आणि तेव्हापासून तिची मान अशी काही ताठ झाली होती की डोईवर भरली घागर ठेवली असती तरी थेंब सांडला नसता.

डॉक्टर विमलताई वर्षातून एकदा पोरींचे दात, डोळे नि केस तपासायला शाळेत येत. त्यांनी हातातली जीभ दाबायची पट्टी खाली ठेवली. त्या हसल्या नाहीत.

“नाही लागत. पण तू कुणाबद्दल विचारतेस?”

“माह्या बहिणीबद्दल. सुखी नाव हाय. आठ वर्षाची. बोलत नाई. बोललीच तं दुसऱ्याचंच बोलणं जसंच्या तसं परत करते. कोणाच्या तोंडाकडं पाहत नाई. अन् मोठा आवाज झाला का कानावर हात ठेवते नि भितीवर डोकं आपटते. तांड्यातले सारे तिले बह्याडच म्हणतात.”

कविता म्हणून दाखवावी तसं रुपीनं घडाघडा सांगून टाकलं. वर्ग पुन्हा हसला. या खेपेला ते हसू तिच्या पाठीत धपाट्यासारखं बसलं. रिबिनीच्या नादात आपण सुखीला चाळीस पोरींपुढं उभं केलं, हे तिला तेव्हा कळलं.

“बाजाराच्या दिवशी तिला दवाखान्यात आण,” विमलताई म्हणाल्या. “आणि ज्या हसल्या त्यांनी पुढं या. दात दिसलेच आहेत, आधी तेच तपासते.”

कोकिळेनं रिबीन दिली. रुपीनं ती केसांत बांधली नाही. दप्तराच्या तळाशी घालून टाकली.

त्रेसष्ट सालची कापसाची वेचणी चालू होती. शाळा सुटली की रुपी घरी न जाता सरळ वावरात जायची. त्या दिवशी गेली तेव्हा तिची आई भुरीबाई, म्हणजे तिची याडी, कमरेला ओटा, म्हणजे वेचलेला कापूस टाकायची फडक्याची झोळी, बांधून वाकलेली होती. वाळक्या बोंडांच्या टोकांनी तिची बोटं सोलून निघाली होती. थुंकी लावायची नि पुन्हा वेचायची. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, कापसाचा ढीग आणि ढिगापाशी सुखी. पांढऱ्यातून कवडी, म्हणजे पिवळा पडलेला, किडका कापूस, ती वेगळा काढत होती. मान वर नाही की बोलणं नाही. सुखीचा हात फिरलेल्या ढिगात कवडीचं एक बोंड सापडलं असतं तर दाखवावं! शेजारच्या वावरातल्या बाया तिला बह्याड म्हणायच्या आणि आपले ढीग तिच्याकडून निवडून घ्यायच्या.

याडीच्या अंगावर तांड्याचा सगळा साज होता. आरशांचा घागरा, दंडापर्यंत बलोयांच्या बांगड्या, कानशिलाशी लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या, ओढणीच्या काठाला घुंगरं. पण ती चालली की आवाज यायचा नाही. सुखी दोन वर्षांची होती तेव्हापासूनचं ते. घुंगरू वाजलं की पोर कळवळायची. तेव्हा याडीनं बाभळीचा काटा घेतला आणि एकेका घुंगरात, एकेका घुगरीत चिमटी चिमटी कापूस कोंबला. साज उतरवता येत नव्हता, नवरा जिवंत होता. म्हणून तिनं तो मुका केला. दरसाल नव्या वेचणीला जुना कापूस काढायची आणि नवा भरायची.

दोघी मायलेकी भारा घेऊन घरी आल्या, मागं सुखी, आणि अंगणात पाहतात तो फुफी आलेली. रुपीचा बाप लखीराम, त्याची थोरली बहीण सोनीबाई. उमरखेडहून दोन बसा बदलून दोन वर्षांनी आली होती.

आता तांड्यात बाईमाणूस इतक्या दिवसांनी भेटलं की नुसतं “कशी हाय” म्हणून भागत नाही. गळ्यात पडायचं आणि रडायचं. सुरात रडायचं. मेलेल्या माणसांची नावं घ्यायची, गेल्या पावसाचं, बाळंतपणाचं, बैल दगावल्याचं सगळं त्या रडण्यात ओवायचं. जी रडली नाही तिला माया नाही. सोनीबाईनं भावजयीच्या गळ्याला मिठी घातली आणि “वीरा रे माह्या”, म्हणजे माझ्या भावा रे, करून असा सूर लावला की छपराच्या कवेलूंवरची कबुतरं उडाली. तिची घुंगरं, घुगऱ्या, पायातली चांदी, सगळं एकदम खणखणलं.

सुखीनं कान दाबले. डोकं भिंतीकडं नेलं. याडी मिठी सोडून तिकडं धावली, तशी फुफीला वाटलं आता पोरीचीही भेट घ्यावी. रडता रडता तिनं सुखीला छातीशी ओढलं. आणि सुखी तिच्या बोटाला कडकडून चावली.

“अगं आई व! पोरगी पोसून राह्यला का कुत्री?” रडणं तिथंच थांबलं. “लखीराम, रक्त पाह्य माह्यं! अन् ही तुई बायको. भेट अर्धी सोडून पळाली! नवरा जित्ता असताना घुंगरू मुके करते, तवाच माह्या मनात आलतं, या घरात काही तरी शिरलं हाय.”

“बाई, बस. पाणी घे,” लखीराम म्हणाला.

“पाणी नाई घेत मी. माह्या नणंदेच्या पोरासाठी रुपीले मागाले आलती. लोक मले इचारतीन, साळी कशी हाय? काय सांगू, चावते म्हणून सांगू? हिले पागलखान्यात टाक. मी होळीले येतो. तवर बंदोबस्त कर, नाई तं रुपीले बसव घरात म्हातारी होतवर.”

लखीराम हातानं जोड्याची माती खरवडत राहिला. “होळीपर्यंत पाहतो,” एवढंच बोलला. रुपीला फुफीपेक्षा त्या खरवडण्याचा राग आला.

“मले इचारलं कोणी?” ती म्हणाली.

“तुले काय इचाराचं?” फुफी म्हणाली. “नऊ बुकं शिकली तं सिंगं फुटली काय?”

बाजाराच्या दिवशी रुपी सुखीला घेऊन विमलताईंच्या दवाखान्यात गेली. बाप मागून चार पावलं अंतर ठेवून, आपण दुसऱ्याच कामाला आलो असं दाखवत. कंपाउंडरनं सुखीला मराठीत नाव विचारलं, दोनदा विचारलं, आणि रजिस्टरात लिहून टाकलं: मुकी, बहिरी.

“तिले मराठी येत नाई,” रुपी म्हणाली. “मले इचारा.”

“बहिरीला कोणतीही भाषा सारखीच,” कंपाउंडर म्हणाला.

सुखी स्टुलावर बसून पुढं-मागं झुलत होती. झुलता झुलता तिनं सूर धरला. आधी बारीक, मग मोठा. “वीरा रे माह्या...” अगदी फुफीचा आवाज. मेलेल्या आजा-आजीची नावं, बैल दगावला ते, मधला हुंदका, हुंदक्यानंतरचा खोकला, आणि शेवटी, त्याच दमात, “अगं आई व! पोरगी पोसून राह्यला का कुत्री?” लखीरामनं ऐकलं आणि त्याला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. विमलताईही हसल्या, मग त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं.

“खोडा ते. बहिरी म्हणे! हिच्याइतकं तुम्ही ऐकता का?” मग रुपीकडं वळून त्या म्हणाल्या, “मी शिकत होते तेव्हा एका व्याख्यानात अशा मुलांबद्दल ऐकलं होतं. पण मला पक्कं सांगता यायचं नाही. यवतमाळला महिन्यातून एकदा नागपूरचे मोठे डॉक्टर येतात. चिठ्ठी देते. आईला घेऊन जा, ते आईलाच विचारतील.”

वेचणीचा एक दिवस बुडवून चौघं छोट्या गाडीनं यवतमाळला निघाली. ती गाडी धावण्यापेक्षा चालायचीच जास्त. सुखी खिडकीतून रुळाकडं बघत होती आणि चाकांच्या ठेक्यावर तिची बोटं गुडघ्यावर पडत होती. एकही ठेका चुकत नव्हता.

“पागलखान्यात दोन येळा जेवाले भेटते म्हणते,” लखीराम खाली बघून म्हणाला.

“आपल्या घरी तीन येळा भेटते,” याडी म्हणाली. त्या साऱ्या प्रवासात ती तेवढंच बोलली.

दवाखान्याच्या दारात शिपाई बसला होता. बाहेरचा लांब बाक रिकामा होता. याडी टेकणार तोच तो ओरडला, “ए लमाणीण, खाली बस, खाली! तुमच्या आरशाईनं बाक खरडते.”

याडी निमूट फरशीवर बसली. लखीरामही बसला. रुपीच्या कानशिलाची शीर उडाली. ती बाकाच्या बरोबर मधोमध बसली आणि पाय हलवत म्हणाली, “माह्या परकराले आरसे नाईत. पाहून घ्या.” शिपायानं तोंड फिरवलं. तीन तास ती त्या बाकावरून उठली नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही.

मोठे डॉक्टर मात्र नजरेचे पक्के निघाले. त्यांनी सुखीला काही विचारलंच नाही. टेबलावर टाचण्यांची डबी उपडी केली आणि बघत बसले. सुखीनं टाचण्या रांगेत लावल्या, डोकी एकीकडे, टोकं एकीकडे. गंजलेल्या तेवढ्या बाजूला काढल्या. डॉक्टरांनी रांगेतली एक उचलली. सुखीनं त्यांच्याकडं न बघता त्यांचा हात धरला, एखादी वस्तू धरावी तसा, आणि टाचणी जागेवर ठेववून घेतली.

“कधी चालायला लागली? पहिला शब्द कधी? कुशीत घेतलं की अंग ताठ करायची का?” ते विचारत होते आणि रुपी गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या भाषेत, याडीला सांगत होती. याडीला बाजारापुरतीच मराठी यायची. तिचं उत्तर रुपी पुन्हा शाळेतल्या मराठीत करून द्यायची, आणि हे काम आपण किती झोकात करतो आहोत याचं तिला मनातल्या मनात कौतुकही वाटत होतं.

बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी चष्मा काढला. “तुझ्या बहिणीला वेड लागलेलं नाही. ती मूर्खही नाही. याला ऑटिझम म्हणतात. हे नाव निघूनच वीस वर्षं झाली आहेत, आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नाही. जन्मापासून ही अशीच आहे.”

“औषध?”

“नाही.”

“अन् पागलखाना?”

“तिथं हिचं काय काम?”

रुपीनं ते सांगितलं. लखीरामनं डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्यानं इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला.

तिथंच उठायला हवं होतं. पण डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला.

“आता आईला विचार, हे मूल तिला हवं होतं का?”

रुपीनं याडीकडं वळवलेली मान पुन्हा डॉक्टरांकडं फिरवली.

“दुसरीही मुलगीच झाली, म्हणून नकोशी वाटली असेल. कामाच्या रगाड्यात जवळ घेतलं नसेल. अशा मुलांच्या आया थंड असतात, बर्फासारख्या. मूल मग स्वतःच्या आत जाऊन बसतं. मोठमोठ्या लोकांनी लिहिलं आहे हे. विचार तिला.”

“ते लोक आमच्या तांड्यात आले होते का?”

“काय?”

“ज्यांनी लिहिलं ते.”

“काय म्हन्ते डाक्टर?” याडीनं हळूच विचारलं. सुखीनं तिच्या ओढणीचा काठ मुठीत धरला होता.

“सर, हे मी तिला सांगणार नाही.”

“का? शब्द येत नाहीत?”

“येतात. म्हणूनच.”

आणि मग रुपीला राहवलं नाही. सुखीच्या रांगेतली एक टाचणी तिनं उचलली, याडीच्या ओढणीचा काठ हातात घेतला आणि एका घुंगराच्या फटीतून कापूस उकरून काढला. दाबून दाबून भरलेला, धुळीनं करडा झालेला. तो तिनं डॉक्टरांच्या उघड्या वहीवर ठेवला.

“तुम्ही दोन तास बघता आहात सर. तांड्याची बाई एवढा साज घालून आत आली आणि आवाज झाला नाही, हे तुम्हाला ऐकू नाही आलं? असले एकोणसाठ आहेत. दरसाल ती काढते आणि भरते. लोक म्हणतात नवऱ्याच्या जिवावर उठली. ती ऐकून घेते. तांड्यात लग्न असलं की ही सुखीला घेऊन बाहेर वावरात बसते, गोड जेवण दुसऱ्या दिवशी शिळं खाते. सहा वर्षं!”

बोलण्याच्या भरात तिनं ते रिकामं घुंगरू हलवलं. छन्‌.

सुखीनं कान दाबले आणि तिचं डोकं टेबलाच्या कडेवर गेलं. पण कडेवर आपटलं नाही. तिथं याडीचा पंजा होता. पोर हलायच्या आधीच तो तिथं पोचला होता, तळवा कपाळाकडं, पाठ लाकडाकडं. खाड्‌ खाड्‌ खाड्‌, तीनदा याडीच्या हाताची हाडं टेबलावर वाजली. त्या पंजाच्या पाठीवर घट्टे होते, जुन्या भिंतींचे, बैलगाडीच्या साट्यांचे, विहिरीच्या धक्क्याचे. याडीचा चेहरा जराही हलला नाही. दुसऱ्या हातानं ती सुखीची पाठ दाबून धरत होती, जोरात, सुखीला आवडायचं तसं.

रुपीचे कान तापले. पैजेसाठी एकदा आणि आता बोलण्यात जिंकण्यासाठी पुन्हा, आपण सुखीलाच पुढं केलं. तिनं वहीवरचा कापूस उचलला, त्याच टाचणीनं घुंगरात परत भरला आणि टाचणी रांगेत ठेवली.

“बर्फ असा असतो का, सर?”

डॉक्टरांनी वहीवरची कापसाची धूळ झटकली. “अपवाद असतात,” ते म्हणाले. आणि कागद ओढून लिहू लागले.

फलाटावर गाडीची वाट बघताना रुपीनं तो कागद उघडला. वरच्या ओळीत डॉक्टरांनी सांगितलेला ऑटिझम हा शब्द होता, तो तिनं अक्षर अक्षर लावून वाचला. खालच्या ओळीत मदर होतं, कोल्ड होतं. तिसरा शब्द तिला पुस्तकातून नव्हे, कापसाच्या जिन कारखान्यातून ठाऊक होता. कवडीच्या गाठोड्यावर व्यापारी बोट ठेवून म्हणायचे तो: रिजेक्ट. एवढं बघून, एवढं ऐकून त्या माणसानं तेच लिहिलं होतं!

“काय लिवलं व?” याडीनं विचारलं. तिच्या हाताची पाठ सुजली होती. तो हात ती घागऱ्याखाली लपवत होती.

रुपीनं कागदाची घडी घातली, घडीवर नख फिरवलं आणि खालचा भाग फाडून वेगळा केला, ढिगातून कवडी काढावी तसा.

“अवं, सरकारी कागद फाडते काय!” लखीराम दचकला.

“जेवढा खरा हाय तेवढा ठेवला, बापू. यात लिवलं हाय, सुखी बह्याड नाई, बहिरी नाई. जन्मापासून ती अशी हाय.”

महिना-दोन महिने गेले. शेवटची वेचणी झाली, वावरात नुसत्या पऱ्हाट्या, कापसाची वाळकी झाडं, उरल्या. होळी चार दिवसांवर आली. दुपारी ओट्यावर सगळी बसली होती. सुखी कोपऱ्यात लाल रिबीन बोटाला गुंडाळत होती, उलगडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

“कागद तं झाला,” लखीराम म्हणाला, “पण सोनीबाईले कागद वाचता येते काय? येईन, गळ्यात पडून रडन, हे पोर पुन्हा चावन. मंग काय सांगू? तुई सोयरीक हाय तिच्या हातात.”

“मी सुखीले घेऊन वावरातल्या खोपीत राह्यतो,” याडी म्हणाली. “होळीपुरती. बाई गेली का येईन.”

ती असं म्हणाली, जसं पाणी भरून आणते म्हणावं. रुपीनं तिच्याकडं पाहिलं. तांड्याचा सगळ्यांत मोठा सण. बाया फेर धरून नाचणार, आणि हिनं पऱ्हाट्यांत बसायचं. आणि हेच बोलणं आपण सहा वर्षं ऐकतो आहोत, एकदाही नाही म्हणालो नाही.

रुपी उठली. घरात गेली, टोपल्यातून ओंजळभर कापूस आणि बाभळीचा एक लांब काटा घेऊन आली आणि दोन्ही आईबापाच्या मधोमध ठेवलं.

“बापू, याडी, मी ठरवलं हाय. खोपीत कोणी जात नाई. होळीले फुफी आली का मी तिले तांड्याच्या वेशीवर, लिंबाखाली गाठीन. भेट तिथंच. मी पडीन तिच्या गळ्यात, मी रडीन, आजा-आजीचं नाव घेऊन पाहिजे तेवढं रडीन. रडणं झालं का हा कापूस अन् हा काटा तिच्यापुढं ठेवीन. घुंगरात भर म्हणीन, मंग घरात ये. मी बसून भरू लागीन तिले. नाई भरला तं पाणी तिथंच देईन अन् उमरखेडच्या बशीत बसवून देईन.”

“अन् सोयरीक?” लखीरामनं विचारलं.

“तो पोरगा पाहाले आला तं त्याच्या बैलाईचे घुंगरूबी भरा लागतीन. एवढं ज्याले जमत नाई, त्याच्या घरी मी जात नाई. मले दहावीले बसाचं हाय, मले घाई नाई.”

“कापूस वाया घालवते व,” लखीराम पुटपुटला, पण त्यात नाही म्हणायचा जोर नव्हता. त्यानं त्या कापसातला एक पुंजका उचलला, उजेडाकडं धरला, कवडी शोधली.

“पाहू नको, बापू,” रुपी म्हणाली. “निवडेल हाय. सुखीच्या हातचा हाय.”